शाबासकी आणि चिंचोके

श्री. वामनराव देशकर यांची माझी पहिली ओळख झाली, ती माझी नोकरी जायच्या बेतात असताना. एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात पाळ्या लांबल्या होत्या, जबलपुरातल्याच आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात घरांच्या खिडक्यांना काळे कागद लागले होते. वामनराव तपासणी विभागात होते. मी लेथवर नवाच लागलो होतो. वडील नुकतेच गेलेले, घर माझ्या पगारावर चालायचं.

आमचे फोरमन तिवारीजी मनाने सच्चे, पण तोंडाने भारी कडक. एके दिवशी माझा माल इतका बिनचूक उतरला, की त्यांनी सर्वांसमक्ष माझी पाठ थोपटली. दुसऱ्याच दिवशी तपासणीत माझे बरेच नग बाद झाले. तिवारीजी भडकले. "तारीफ की नहीं कि लड़का बिगड़ा! जंग में ढिलाई नहीं चलेगी." मला काढून टाका, असं ते मोठ्या साहेबांना सांगणार होते. झापलं की माणूस सुधारतो आणि शाबासकी दिली की घसरतो, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव! घरी आई म्हणाली, "दृष्ट लागली रे तुला." मला दोघांचंही पटलं होतं.

नग बाद केले होते ते वामनरावांनीच, आणि त्यात त्यांनी तसूभरही सूट दिली नव्हती. पण मला काढणार हे कानावर येताच ते जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसले. खिशातून त्यांनी फोडलेले चिंचोके काढले, घरी पोरी खेळतात तसले, एका बाजूने पांढरे, दुसऱ्या बाजूने काळे, आणि प्रत्येकाला सारखेच वाटले. ज्याचे पांढरे जास्त पडतील त्याचं काम चांगलं, असं ठरलं. तिवारीजींना म्हणाले, "जिसका कम आए उसे डाँटिए, जिसका ज़्यादा आए उसे शाबाशी दीजिए."

तिवारीजींनी मनापासून झापलं. पुढच्या फेरीत झापलेले बहुतेक वर चढले, शाबासकीवाले खाली आले. तिवारीजींनी मांडीवर थाप मारली. "देखा! डाँट का असर!"

वामनराव शांतपणे म्हणाले, "पर डाँट सुनी किसने, तिवारीजी? इमली के बीज ने?"

फार चांगल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा थोडा उतरतोच, फार वाईटानंतरचा चढतो. मधे शिवी आली काय नि शाबासकी आली काय, आपलं मन तिलाच कारण धरतं, एवढंच त्यांनी समजावलं. तिवारीजींनी चिंचोके गोळा करून वामनरावांच्या हातात दिले. मग मला म्हणाले, "जा, मशीन पे जा." माझी नोकरी राहिली.

त्या संध्याकाळी वामनराव आमच्या घरी आले. "काकू, दृष्ट-बिष्ट काही नाही. पोरगा चांगलं काम करून राहिला. मलाही आधी तो बिघडला असंच वाटलं होतं. मन पटकन बोलून जातं, आपण जरा थांबावं." आई पदराने डोळे पुसत राहिली. पुढे मी स्वतः फोरमन झालो, पण शाबासकी देताना कधी हात आखडला नाही.

आज वामनराव पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गेल्या साली मोठ्या दुखण्यातून उठून ते विजय नगरात पुन्हा फिरायला लागले. परवा भेटले, तेव्हा "तब्येत छान दिसते" म्हणताना माझी जीभ अडखळली. त्यांनी लगेच ओळखलं. "बोल ना, काहून थांबला? चिंचोके विसरला का?"

म्हणून या गौरवलेखात मोकळ्या मनाने लिहितो: वामनरावांची प्रकृती उत्तम आहे, बुद्धी तल्लख आहे, अशीच राहो, आणि त्यांची शंभरी आम्हा सर्वांना बघायला मिळो.

एवढं लिहून झालं आणि मी त्यांच्या पत्नी सुशीलावहिनींना फोन केला, "आज दिवेलागणीला त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाका." रागावू नका, वामनराव. तुमचं सगळं शिकवणं पटतं. पण तुमच्या बाबतीत मन ऐकत नाही.