पाटीवाल्या काकांचा विलायती मठ

आमच्या वस्तीतल्या पाटीवाल्या काकांइतका हट्टी माणूस नागपुरात दुसरा झाला नाही, हे मी लिहून देतो. आणि लिहून देणं हाच तेव्हा माझा उद्योग होता. अन्याय दिसला की पत्रक, नाही दिसला तर शोधून पत्रक. काका पितळेवर लोकांची नावं कोरत. एका अक्षराचं पोट जरा फुगलं म्हणून वकिलाच्या दारावर लागलेली पाटी त्यांनी भरदुपारी उपटून आणली होती. माझ्या पत्रकांनी ते काच पुसत, तेही माझ्या तोंडावर. "तुह्या कागदानं काच लय साफ होते गा!"

ती काच एका इंग्रजी चित्राची. सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा बंगल्याच्या भंगारातून काकांनी ते उचललेलं. विलायतेतला जुना मठ, छप्पर गेलेलं, कमानी तेवढ्या उभ्या. लकडगंजच्या आरामशीनवरून सागाचे तुकडे आणून त्यांनी चौकट केली आणि चित्र वस्तीच्या वाचनालयात टांगलं. वाचनालयही त्यांनीच उभं केलेलं. येणाऱ्याला आधी हात धुवायला लावायचे, मग चित्र बघायला भिंग, मग वर्तमानपत्र.

माझं डोकं सणकलं. "धम्मदीक्षा घेतलेल्या वस्तीत गोऱ्या साहेबाचं चित्र काहून?" मी सभेत गरजलो.

"साहेबाचं नाही, कारागिराचं हाय," काका म्हणाले. " तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडलं त्यानं, मंग कागदावर छापलं. पाठ कशी मोडते, मले मालूम हाय."

मी तरी चित्र काढण्याचा ठराव मांडलाच. हात वर करून मत द्यायचं आणि ठरलं की कुरकुर करायची नाही, हा नियम काकांचाच. दोन्हीकडचे हात सारखे भरले. उरले काका. त्यांनी हात वर केला, माझ्या बाजूनं!

"माही वस्तू माह्याच मतानं इथं राहिली, तर वाचनालय माहं होईल. ते तुमचं हाय," म्हणाले, आणि चित्र सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आले, हात धुतले, रिकाम्या खिळ्यासमोर बसून वर्तमानपत्र वाचलं. कुरकुर नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दोन वर्षांनी काका गेले. काकूंनी चित्र माझ्या हातात ठेवलं. "भिंगासंगं तुलेच द्याचं म्हणत होते." मी हात धुतले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. एकेक दगड वेगळा ओरखडलेला, कुठंही घाई नाही.

चित्र परत टांगायचा ठरावही मीच मांडला. भाषण केलं नाही. सगळे हात वर झाले.

आता दर रविवारी ती काच मी पुसतो, माझ्याच पत्रकानं. साफ होते खरी.