तीन डावे कौल

आजारी आत्याला इस्पितळात सोडून मी देवळात गेलो. चूक माझी, आणि ती मी पूर्ण शुद्धीत केली. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. कौलावर होता — मला हवा तसा पडला तर!

पंचावन्न-छप्पन सालची रत्नागिरी. सरकारी इस्पितळाचं नाव घेत नाही. राजापूर-चिपळुणाहून माणसं एसटीत आडवी पडून तिथे यायची, आणि आम्ही गावातले शहाणे नाक मुरडायचो, "तिथे बरं करत नाहीत, शिकतात." कारण प्रत्येक खाटेभोवती नर्सिंग शिकणाऱ्या पोरींचा घोळका. मी तर कोर्टातला कारकून... मत देणं हा आमचा धर्मच.

आईमागे मला, तिच्या बाळ्याला, वाढवलं ते आत्यानं. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "आत्ताच कापायला हवं. उद्या उपयोग नाही." आणि सहीसाठी माझ्याकडे बघू लागले. पोरींच्या घोळक्यात आत्याचं पोट उघडायचं? "लुगडं घेऊन येतो," म्हटलं, आणि सायकल थेट देवीकडे वळवली.

गुरवानं कौलासाठी मूर्तीला फुलं लावली. मी विचारलं, "आत्याला तिथून हलवू?" डावं फूल पडलं — म्हणजे नको. पुन्हा विचारलं. डावं. तिसऱ्यांदाही डावंच. मी परत तोंड उघडलं तसा गुरव म्हणाला, "भाऊ, देवी काय तुमच्या कोर्टातली साक्षीदार हाय? उठा आता."

परतलो तर ऑपरेशन उरकलेलं. आत्यानं स्वतःच अंगठा दिला होता. दाराशी एक शिकाऊ पोरगी मला बघून चपापली.

"तुम्ही देवळात होतात?"

"कोण म्हणतं?"

"क्लोरोफॉर्म देताना त्यांना आकडे मोजायला सांगितले. तर म्हणाल्या, डावा... डावा... परत डावा. मग म्हणाल्या, बाळ्याला देवीपुढून उठवा रे कोणीतरी."

डॉक्टर मागून म्हणाले, "गुंगीत पेशंट बडबडतो. लक्षात ठेवा, परीक्षेला येतं."

येत असेल. पण मी कुणालाच सांगून गेलो नव्हतो. गुरव देवळातून हलला नव्हता, आणि तेव्हा फोन होता तो कलेक्टरांसारख्यांकडे. इतकी वर्षं मी डॉक्टरांचं ते वाक्य चघळतोय... घशाखाली उतरत नाही. दुसरं काही सुचतही नाही.

आत्याला स्वतःला काही आठवत नव्हतं. ती सावरल्यावर मीच सगळं सांगितलं, फुलांसकट, जरा कौतुकाच्या आशेनं. टाके सांभाळत ती माझ्याकडे वळली.

"देवीला तीनदा विचारलंस. पोट माझं होतं मेल्या, मला एकदा तरी विचारलंस?"