व्हर्नाबाईंचा आग्रह

शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारीण व्हर्नाबाईंनी सीरियाहून आलेल्या निझार आणि घैदा या निर्वासित जोडप्याला घरी ठेवून घेतलं. खर्चाला इथे कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या आमच्या सगळ्या गल्लीने वर्गणी काढली.

जेवताना बाई विचारायच्या, "आणखी वाढू?"

"नको, नको," दोघं म्हणायची. बाई लगेच भांडी उचलायच्या.

तिसऱ्या दिवशी निझार फ्रिजपाशी कोरडा ब्रेड खाताना सापडला.

"अरे, भूक होती तर नको कशाला म्हणालास?"

"खाला," मावशीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "आमच्याकडे पहिलं 'नको' लाजेचं असतं. तुम्ही पुन्हापुन्हा विचारायचं असतं!"

बाई पोट धरून हसल्या. तेव्हापासून त्या विचारतच नाहीत, सरळ ताट भरतात. आता चर्चच्या जेवणात आमचीही सुटका नाही.