खोटं बोलून घेतलेलं चीवर

चीवर अंगावर येण्याच्या दहा मिनिटं आधी मी भंतेजींशी खोटं बोललो. विहाराच्या पडवीत न्हावी एकेकाचं डोकं भादरत होता आणि भंतेजी वहीत नाव, वय, कामधंदा लिहून घेत होते. माझी पाळी आली.

"काय काम करत होते?"

"खराद मशीनवर होतो जी. टर्नर. आता रिटायर."

"काय बनवत होते?"

"लोखंडी नळ्या," मी म्हणालो.

भंतेजींनी "नळ्या" असं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

नळ्या! अरे, तीस वर्षं मी तोफेच्या गोळ्यांची कवचं कापली. एका बाजूनं निमुळती, आतून पोकळ, बारूद भरायला जागा सोडलेली. आमचा कारखाना लष्कराचा, सगळ्या नागपूरला ठाऊक. बाहेर छाती काढून सांगत फिरलो. पण समोर बुद्धमूर्ती, हातात घडी केलेलं भगवं चीवर, आणि आता थोड्या वेळात "मी प्राणिहिंसा करणार नाही" म्हणायचं, तेव्हा जिभेनं दगा दिला. पहिलं शील झाकायला मी चौथं मोडलं. खोटं न बोलण्याचं शील, तेही घेण्याआधीच!

हे श्रामणेर शिबिर आमच्या उत्तर नागपुरात दर उन्हाळ्यात भरतं, बुद्धपौर्णिमेच्या आधी दहा दिवस. कोणीही यावं, डोकं भादरावं आणि दहा दिवस भिक्खूसारखं राहावं. दुपारी बारानंतर खायचं नाही, फोन जमा करायचा, सकाळी पात्र घेऊन भिक्षेला फिरायचं. मी गेलो तो बायकोच्या धक्क्यानं. रिटायर झाल्यापासून मी घरात तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होतो. "जा नं जी दहा दिवस. तुमालेही शांती, मलेही," ती म्हणाली.

खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. एकदा टीव्हीवर कुठल्यातरी दूरच्या देशातलं शेत दाखवत होते. शेतात न फुटलेला एक गोळा अर्धा रुतून पडला होता. आपला नव्हता, असायचं कारणही नव्हतं. पण त्याच्या बुडाशी तशीच खाच होती जशी मी आयुष्यभर कापली. त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. कोणीतरी जाणत्या माणसानं सांगावं की बाबा, तुझं आयुष्य पापात गेलं नाही. किंवा गेलं, असं तरी सांगावं. अधांतरी लटकून माणूस किती दिवस राहील?

कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, कुंकू. आम्ही बौद्ध कामगार बाजूला उभे राहायचो, हात मागे बांधून. हत्याराची पूजा आम्ही करत नाही, असं ताठ मानेनं सांगायचो, आणि सुट्टी संपली की त्याच मशीनवर त्याच हातांनी गोळा कापायचो. नारळ फोडला नाही एवढ्यावर मी स्वतःला सोवळा समजत होतो. कमाल आहे माणसाची!

शिबिराचे पहिले दिवस मजेत गेले, उगाच का नाही म्हणू? मे महिन्याचं नागपूर आणि डोक्यावर केस नाहीत, टाळू नुसती भाजून निघे. भिक्षेला आमच्या गल्लीत गेलो तर बायकोनं पात्रात भात वाढला आणि रीतीप्रमाणे वाकून वंदन केलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच माझ्यापुढे वाकली. वर येताना हळूच म्हणाली, "सवय नका लावून घेऊ." मी गंभीर चेहरा ठेवला. भिक्षेत बोलायचं नसतं, नाहीतर मीही ऐकवलं असतं.

मग एका संध्याकाळी देसनेत, म्हणजे प्रवचनात, भंतेजींनी सांगितलं की उपासकानं पाच धंदे करू नयेत. शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. पहिलाच माझा. बाकीचे चार ऐकूही आले नाहीत. कानशिलं तापली. वाटलं, आत्ता वही उघडतील आणि "नळ्यावाले कोण?" म्हणून विचारतील.

दुसऱ्या दिवशी भिक्षेला निघालो तर गल्लीतल्या प्रत्येक घरात टीव्ही मोठ्यानं लागलेला. सीमेवर गोळाबारी सुरू झाली होती. आमच्या शेजारीणबाई दारात उभ्या होत्या. उमरेडकडच्या कोष्ट्यांच्या, घरातला हातमाग केव्हाच गेला, नवराही गेला. एकुलता एक मुलगा फौजेत, तोफखान्यात. एरवी त्या माझी टर उडवायच्या. "तुमचा बुद्ध रिकाम्या हातानं बसला, आमच्या रामाच्या खांद्यावर धनुष्य हाय. चोर आला त कोणाले बोलावसान?" दिवाळीला चिवडा द्यायला यायच्या तेव्हाही हेच. त्या दिवशी त्यांनी वरण-भात वाढला, तो अर्धा माझ्या हातावर सांडला. त्यांचं लक्षच नव्हतं. "फोन लागून नाही राहिला जी त्याचा," एवढंच म्हणाल्या. पात्र सावरून मी पुढे गेलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी भंतेजी विहारामागच्या कडुनिंबाखाली एकटे बसले होते. वयानं माझ्या मुलाएवढे. आधी जरीपटक्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायचे म्हणे. मी वंदन केलं, खाली बसलो आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. नळ्या नव्हत्या, गोळे होते. तीस वर्षं.

भंतेजी म्हणाले, "गोळे तुम्ही माह्यासमोर नाही बनवले. खोटं मात्र माह्या तोंडावर बोलले. मी पहिले कायच्यावर रागावू?"

"कायच्यावरही रागवा जी, पण सांगा. पाप झालं का नाही?"

"मी काय कोर्ट हाय? आपल्यात माफी द्याचं खातंच नाही. चूक आपण पाहाची, आपण कबूल कराची, पुन्हा कराची नाही. आता करसान का पुन्हा?"

"रिटायर झालो जी."

"रिटायर झालो म्हणून सुटका नका करून घेऊ. उद्या कारखान्यानं बोलावलं, गोळे कमी पडून राहिले, या. जासान का?"

बाप्पा! हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. "नाही जी" म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण शेजारीणबाईंचा तो भात सांडणारा हात डोळ्यांपुढून हलेना.

"जाईन जी," मी म्हणालो. "शेजारणीचं पोट्टं हाय तिथं."

आणि चीवराची गाठ सोडायला हात खांद्याकडे नेला. आता हे अंगावर ठेवून काय उपयोग?

"काहून सोडून राहिले?" भंतेजी म्हणाले. "इतक्या दिवसांत आज खरं बोलले तुम्ही. राहू द्या." आणि वर म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. जा लागलं त नाइलाज हाय म्हणून जा. पण नाइलाजाले धर्म नका म्हणू. ज्या दिवशी म्हणसान, त्या दिवशी तुम्ही गेले कामातून."

त्यांनी मला समोर बसवून पाचही शीलं पुन्हा दिली, एकेक, सावकाश. पहिलं म्हणताना आवाज फाटला, मी म्हणालो मात्र. माझं आयुष्य पाप होतं की नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही. तरी छातीवरचा दगड निम्मा उतरला. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी शिक्षा दिली. संध्याकाळी सगळ्यांसमोर हेच सांगायचं.

सांगितलं. चाळीसेक मुंडकी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात मागून एक म्हातारा श्रामणेर उठला. "भंतेजी, म्या त पेन्शन येईपर्यंत गोळ्याले फ्यूज जोडले. वहीत फिटर लिहून घेतलं तुम्ही." दुसरा म्हणाला, "माहा साळा आताही हाय तिथं." तिसऱ्याची बायको पॅकिंगला. भंतेजींनी कपाळाला हात लावला. "अरे, हा विहार हाय का बारूदखाना?" असा हशा पिकला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. मीही हसलो, पोट धरून हसलो. एवढे दिवस वाटत होतं, हे ओझं घेऊन फिरणारा मी एकटाच.

पुढच्या एक-दोन दिवसांत गोळाबारी थांबली. आम्हाला ते भिक्षेच्या वेळी कळलं, कारण गल्लीतले टीव्ही एकदम गप्प झाले होते आणि बाया नळावर नेहमीसारख्या भांडत होत्या. ते भांडण इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

शेजारीणबाई आमची रांग दिसताच धावत बाहेर आल्या. हातात शिऱ्याचं पातेलं. डोळे सुजलेले, पण चेहरा फुललेला.

"भाऊजी, फोन आला! आता, अर्ध्या घंट्यापहिले! बरा हाय पोट्टा. कान बसले म्हणे आवाजानं, बाकी काही नाही." मग त्यांना माझं चीवर दिसलं. "भाऊजी नाही, भंतेजी. चुकलं बाप्पा." आणि डोळे पुसत हसल्या.

भिक्षेत बोलायचं नव्हतं. पोरगं जिवंत आहे. त्याला मी उघडा-नागडा गल्लीत पळताना पाहिलंय. जीव भांड्यात पडला. तो तोफखान्यात होता. त्यानं डागलेल्या गोळ्यांत एखादा माझ्या हातचा असेलही. तो विचार आला तरी आनंद कमी झाला नाही, हे मी इथं लपवत नाही.

त्यांनी पात्रात शिरा वाढला, चांगला भरभरून. मी पुढे सरकायला लागलो तर त्यांनी वाट अडवली. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "एक काम करसान का? तुम्ही लोक जेवणाच्या पहिले मंत्र म्हणता नं, सगळ्यांचं भलं होवो म्हणून. त्याच्यात तिकडच्याही पोट्ट्यांचं म्हणा. त्याहीच्या मायांचं. मी कालपासून रामापुढं बसून राहिली, माह्या तोंडातून निघूनच नाही राहिलं. माह्याच पोट्ट्यानं तोफ चालवली नं जी. मी कोणत्या तोंडानं म्हणू? तुम्ही म्हणा."

रांग थांबली होती. मागचे श्रामणेर खोळंबले, ऊन चढायला लागलं. त्यांना माहीत होतं मी कुठं कामाला होतो. पुऱ्या गल्लीला माहीत होतं. तरी त्या माझ्यापुढेच हात जोडून उभ्या होत्या.

जेवणाआधी म्हणायचं असतं, पण मी थांबलो नाही. त्यांच्या दारातच डोळे मिटले आणि म्हणालो, इकडच्यांसाठी आणि तिकडच्यांसाठी, मोठ्यानं. मागचे चाळीस जण माझ्यामागून म्हणाले.