कधीच न भरलेली टाकी

नाना टाकीच्या झाकणावर खुर्ची टाकून बसले होते आणि उठायला तयार नव्हते.

"मॅडम, बांधल्यापासून ही टाकी एकदाबी भरली नाय. गाडी म्हणून बोलवावी लागली नाय. गावात दुसरी अशी दाखवा."

मी कळवणकडच्या एका गावात स्वच्छता निरीक्षक आहे. हे वाक्य ऐकलं की मी वही उघडते. सेप्टिक टाकी भरलीच पाहिजे. घाण तळाशी बसते, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि काही वर्षांनी गाडी बोलावून गाळ उपसायचा, असं तिचं काम. पण आमच्याकडचे काही गवंडी मोठ्या हुशारीनं टाकीला तळच करत नाहीत. सगळं जमिनीत मुरतं आणि मालक खूश होतो. मुरलेलं पुढे कुठे जातं, ते शेजारच्या विहिरीला विचारायचं.

इथे विहीर होती अनसूयाबाईंची, आणि तक्रारही त्यांचीच. त्यावरून दोन्ही घरांतलं बोलणं बंद होतं.

नाना ऐकेनात, म्हणून त्यांच्या संडासात निरुपद्रवी हिरवा रंग ओतला. तशी चाचणीच असते. काही दिवसांनी विहिरीचं पाणी हिरवट दिसायला लागलं. नानांनी काठाशी वाकून पाहिलं.

"आमची रेखा ह्याच विहिरीचं पाणी पिऊन मोठी झाली," एवढंच म्हणाले.

विहिरीचं पाणी पिणं बंद केलं आणि नानांना नोटीस दिली. महिन्याभरात टाकी नीट करा, नाहीतर संडासाला सील. खरी अडचण मला नंतर कळली. नानांची लेक रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिची आई नाही. अंगण एवढंसं, म्हणजे नवी टाकी जुनी फोडून तिथेच बांधायची, आणि तोवर संडास बंद. नानांचं म्हणणं, बाळंतपण होऊ द्या, मग काम काढतो. अवघडलेल्या पोरीला काय शेतात पाठवू, असं त्यांनी विचारलं.

मी साहेबांकडे गेले. मुदत वाढवता येईल का, विचारलं.

"काम सुरू असेल तर येईल. सुरूच करायचं नसेल तर नाही. आणि टाकीतलं घाण पाणी ते बाळ येणार त्या घराखालीही मुरतंय, हे त्यांना सांगितलंत का?"

ते सांगायला मी परत नानांच्या अंगणात उभी होते. शब्द जुळवत होते, तेवढ्यात कंपाउंडपलीकडून अनसूयाबाई बोलल्या. बोलल्या माझ्याशी, कारण नानांशी अबोला होता.

"मॅडम, त्यांना सांगा, रेखाला माझ्याकडं उतरवा. घरात संडास हाय, मी हाय. तक्रार मी टाकीची केलीय, पोरीची नाय. माहेरपण काय एका घराचं असतं का?"

नाना चार हातांवर होते. तरी रीतसर निरोप मी पोचवला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. नाना उठले आणि झाकणावरची खुर्ची त्यांनी स्वतःच बाजूला केली.

टाकी उपसायला गाडी आली, माणूस आत उतरवला नाही. जुनी फोडून नवीचा तळ ओतला, मधली भिंत उठली. साहेबांनी मुदत वाढवून दिली. अनसूयाबाईंची टाकी मी आधीच तपासून घेतली होती. शेजारधर्म वेगळा आणि टाकी वेगळी.

रेखाला मुलगी झाली. बारशाला मलाही बोलावणं होतं. पाळण्याची दोरी अनसूयाबाईंच्या हातात होती. नानांनी मला आधी नात दाखवली, मग हळूच अंगणात नेऊन झाकणाकडे बोट केलं.

"मॅडम, भरायला लागली बरं का," ते म्हणाले. तोंडावर अभिमान तोच, पहिल्या दिवशीचा.

आता कुणी टाकी भरत नाही म्हणून कौतुक सांगायला लागलं, की मी आधी विहीर शोधते. मग शेजारीण.