मुरलीभाऊ भिंतीकडे वळायचे

आमच्यापैकी कुणी पासवर्ड टाकायला लागलं की मुरलीभाऊ खुर्चीसकट भिंतीकडे वळायचे. तिथे राइस मिलचं कॅलेंडर होतं, ते वाचत बसायचे. "झालं का बाई? का पूर्ण पोथी लिहून राह्यली?" असं पाठमोरेच विचारायचे.

चंद्रपूरकडच्या मूल गावच्या बाजारात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी पोंभुर्ण्याकडच्या गावातून एसटीने यायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माऊसला हात लावायलाही भ्यायचे. "लाव हात. चावत नाई थो," ते म्हणायचे.

काही अडलं की त्यांचं एकच उत्तर असे: "आधी मालक पाय." म्हणजे मालक कोण ते पाहा. अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावरच्या प्रत्येक फॉर्मला मालक असतो. फॉर्म एका डेटाबेसमधून दुसऱ्यात कॉपी केला, की जुन्या परवानग्या सोबत जात नाहीत आणि कॉपी करणारा नव्या प्रतीचा मालक होतो. मला हे समजेना, तेव्हा ते म्हणाले, "धानाचे पऱ्हे, रोपं समज. शेजाऱ्यानं नेऊन आपल्या बांधीत रोवले, का त्याचे झाले."

"पन भाऊ, पऱ्हे मागून नेतात ना?"

ते खूप हसले. "हुशार हायस बेटा!" त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी क्लासच्याच संगणकावर सिकलसेलच्या रुग्णांची नोंद ठेवणारा प्रोजेक्ट केला. माझ्या चुलतबहिणीला तो रक्ताचा आजार होता. कोणत्या गावात कुणाची तपासणी झाली, कुणाच्या गोळ्या संपत आल्या, हे एका फॉर्मवर दिसायचं. चार महिने लागले. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मुरलीभाऊ म्हणाले, "फाईलीत लय कचरा झाला. नव्या डेटाबेसमध्ये घालून देतो." मला बरंच वाटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी फॉर्मची रचना दाखवायला सांगितली. उघडेना. तुम्हाला परवानगी नाही, असा संदेश. पासवर्ड बरोबर होता, वापरणाऱ्यांचा ग्रुप बरोबर होता. मग सवयीने मी मालक पाहिला. प्रत्येक फॉर्मपुढे मुरलीभाऊंचं नाव होतं.

"म्हणजे हे तू केलेलं नाही?" सरांनी विचारलं. जेमतेम पास झाले.

तरीही चूकच झाली असेल असं मला वाटत होतं. थेट क्लासवर गेले. "भाऊ, कॉपी करताना तुमचं नाव लागलं. चुकून ना?"

ते पुस्तकं खोक्यात भरत होते. "गडचिरोलीच्या एका संस्थेले दाखवलं थे काम. त्यायनं मले नोकरीवर घेतलं."

"माह्या कामावर?"

"तुह्या नावानं कोन घेतलं असतं, बेटा?" आवाज नेहमीसारखाच मायेचा होता.

"जुनी फाईल कुठी हाय?"

"काढून टाकली."

"मागितलं असतं तर दिलं असतं, भाऊ."

ते खोक्याला सुतळी बांधत राहिले.

माझ्या बाकीच्या फाईली फ्लॉपीवर घ्यायला मी शेवटचं त्या संगणकावर बसले. पासवर्ड टाकायला लागले, तशी मागे खुर्ची करकरली. मुरलीभाऊ भिंतीकडे वळले होते. त्या संगणकाचे अ‍ॅडमिन तेच होते; आमची प्रत्येक फाईल त्यांना उघडता यायची. माझ्या पासवर्डची त्यांना कधी गरजच नव्हती.