मावसाजींचं राष्ट्रीय विद्यापीठ

माझ्या मावसाजींना देवानं आणखी एक तोंड दिलं असतं, तर जपानातल्या एका राष्ट्रीय विद्यापीठाचा इतिहास आज अवघ्या वऱ्हाडाला पाठ झाला असता. एका तोंडावरही त्यांनी काम बरंच पुढे नेलं आहे. अमरावतीतले कितीतरी ऑटोवाले, त्यांचा न्हावी आणि वलगावचे आमचे झाडून सगळे नातेवाईक यांना ते विद्यापीठ कोणकोणत्या शाळा मिळून झालं ते ठाऊक आहे. दातांच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे, आणि त्यांनी तर बिचाऱ्यांनी फक्त 'तोंड उघडा' एवढंच म्हटलं होतं. मावसाजी स्वतः जपानला कधी गेलेले नाहीत. अकोल्याच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत, शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती चाळण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त होऊन ते अमरावतीला राहायला आले आणि त्यांची एकुलती एक मुलगी, जिला आम्ही सगळे बेबी म्हणतो, मातीवरच पीएच.डी. करायला त्या विद्यापीठात गेली. बेबी विमानानं गेली, मावसाजी मोबाइलवरून गेले, आणि मला वाटतं तेच आधी पोचले.

ते विद्यापीठ टोकियोत नाही, क्योतोतही नाही. डोंगरातल्या एका जिल्ह्यात आहे आणि त्याचं नाव मला आजही एका दमात घेता येत नाही. मावसाजी मात्र ते सासुरवाडीच्या गावासारखं सहज घेतात. त्यांचं कीर्तन दीडशे वर्षांपूर्वीच्या, जपानच्या मेजी बादशहाच्या काळापासून सुरू होतं. आधी जिल्ह्यात मास्तर तयार करणारी शाळा निघाली, मग रेशमाची, मग शेती आणि जंगलाची. युद्धात देशाची राखरांगोळी झाल्यावर सरकारनं ठरवलं की प्रत्येक जिल्ह्याला एक तरी राष्ट्रीय विद्यापीठ हवं, आणि या सगळ्या शाळा एका नावाखाली आणल्या. नाव एक झालं तरी इमारती जिथल्या तिथेच राहिल्या, एक या गावात तर दुसरी त्या गावात. अशा पांगलेल्या विद्यापीठाला जपानी लोक ऑक्टोपसचे पाय म्हणतात म्हणे. हे मावसाजींना पसंत नाही. "पाय काहून म्हंते?" ते मला एकदा तावातावानं म्हणाले. "अरे, वाटणी झालेले भाऊ पुन्हा एका चुलीवर आले, असं म्हणा नं! आपल्या इकडं कधी आले काय?" वलगावला माझ्या दोन काकांच्या बांधाच्या भांडणात मध्यस्थी करायला गेले असताना त्यांनी हाच दाखला दिला होता. काका एका चुलीवर आले नाहीत, पण मावसाजींना पुन्हा मध्यस्थीला बोलवायचं नाही यावर दोघांचं एकमत झालं.

विद्यापीठाची पत हा तर त्यांचा हळवा विषय. दर वर्षी जगातल्या विद्यापीठांची यादी निघते त्या दिवशी मावसाजी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मोबाइलसमोर बसतात. यादीत वरच्यांना नंबर असतात. खाली खाली गेलं की नंबर देणंही बंद होतं, नुसतं इथून तिथपर्यंत असा घोळका दाखवतात, आणि आमचं विद्यापीठ त्या घोळक्यात असतं. (पाहा, मीही 'आमचं' म्हणायला लागलो.) मावसाजींना त्याचं काही नाही. "यादीत नाव आलं म्हंजे पंगतीत पान मांडलं. पयल्या पंगतीत बसा नाईतं तिसऱ्या, वरण तं तेच भेटते नं?" एरवी ते टोकियो-क्योतोसारख्या जुन्या सात बादशाही विद्यापीठांचा मोठेपणा खुशाल मान्य करतात. पण मग आवाज खाली आणून सांगतात की सरकारनं पैशाचा हात आखडता घेतला तेव्हा त्या सातांना काय धक्का बसणार होता? खरा कस लागला तो आपल्यासारख्या जिल्ह्याच्या विद्यापीठांचा. अमरावतीच्या मार्चातल्या उन्हात, कूलरसमोर बसून, "आज आपल्या इकडं बर्फ पडून राह्यला" असं ते म्हणत तेव्हा मावशी कपाळाला हात लावत असे.

गेल्या वर्षी बेबीसाठी अकोल्याचं एक स्थळ चालून आलं. मुलगा चांगला, बँकेत अधिकारी. मुलगी जपानात, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला. पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन टीपॉयवर उभा केला. त्यात जाडजूड स्वेटर घातलेली बेबी मान खाली घालून बसली होती. मी चिवड्याच्या बश्या फिरवत होतो. सगळं सुरळीत चाललं होतं, पण मुलाच्या मामांनी सहज विचारलं, "पोरीले इतल्या आडजागी काहून धाडली, भाऊ? टोकियोत नंबर नाई लागला काय?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी बशी खाली ठेवली. मावसाजी मेजी बादशहापासून निघाले ते रेशीमशाळेत बराच वेळ थांबले, युद्ध झालं, शाळा एकत्र आल्या, मुख्य कचेरी कोणत्या गावात असावी यावरून गावागावांतले रुसवेफुगवे झाले. दुसरा चहासुद्धा निवला. मामांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मुलाच्या आईनं मोबाइलमधल्या बेबीकडे पाहून दोन-तीनदा काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मामा उठले. "भाऊ, आमी पोरीले पाहाले आलो होतो. तुमी पोरीचं तं काईच नाई सांगतलं. आमाले इद्यापीठासंगं सोयरीक नाई करा लागत." हात जोडून मंडळी निघून गेली.

मावसाजी त्यांना दारापर्यंत पोचवून विजयी मुद्रेनं परत आले. फोन अजून तांब्याला टेकून उभाच होता. "आयकलं काय बेबी? कसे गप बसवले त्यायले!"

"बाबा," बेबी म्हणाली, "मी दोन महिने झाले लॅबमंदी गेलीच नाई."

मग ती बोलतच राहिली. प्रयोग दोनदा फसले. रविवारी दिवसभर कोणाशी एक शब्द होत नाही. सरांनी वर्षभर सुट्टी घे म्हणून सांगितलं, जागा राखून ठेवू म्हणाले. "मले नाई होऊन राह्यलं आता. पण तुमी लोकायले इतकं सांगून ठेवलं. मी घरी आली तं तुमी काय सांगसान, हाच इचार करून मी बोलली नाई."

आपल्या बोलण्यापायी पोरीनं घरचं दार बंद समजावं, हे मावसाजींच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "येऊन जाय, माय," ते म्हणाले. "लोकायचं मी पाहीन." आणि मग, मला वाटतं ती गेल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी तिला विचारलं, "आज जेवली काय?"

नागपूरच्या विमानतळावरून तिला आणायला गाडी मी चालवली. बेबी फार वाळली होती. मावसाजी तिच्याशेजारी मागे बसले आणि तळेगाव गेलं तरी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची ती शांतता मला सोसवेना. मी मनातल्या मनात म्हटलं, मावसाजी, रेशीमशाळेचं काढा, बादशहाचं काढा, काहीही काढा. शेवटी बेबीलाच राहवलं नाही. "बाबा, रागावले काय? सांगा नं इद्यापीठाचं काई."

"मी काय सांगू माय," मावसाजी म्हणाले. "म्या तं नुसतं वाचलं. राह्यली तं तू. तू सांग."

आधी ती नुसतीच बाहेर बघत राहिली. मग हळूहळू बोलू लागली. खिडकीबाहेर सगळं पांढरं असायचं आणि सायकल घसरायची. कँटीनमधली बाई हिला भात जास्त वाढायची. प्रयोग फसला त्या दिवशी ही जिन्यात बसून रडली, तेव्हा बाजूनं जाणाऱ्या सरांनी काही न बोलता आपली छत्री हिच्याजवळ ठेवली आणि स्वतः पावसात भिजत गेले. यातलं काहीच मावसाजींना ठाऊक नव्हतं. तिवसा मागे पडला, अमरावती आली, आमच्या गल्लीचं वळण आलं. मी गाडी हळू केली, तर आरशातून मावसाजींनी मला हातानं खूण केली, समोर जाऊ दे. मी घर मागे टाकून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो. मावशीचा फोन आला, कुठं हा तुमी, भाकरी थंडी होऊन राह्यली. मावसाजींनी फोन बंद करून खिशात टाकला आणि बेबीकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं,

"हं. मंग काय झालं?"